भरले हंडे, कोरडी मुळं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस नुकता कासराभर वर आला होता, गाई अजून गोठ्यातच होत्या. नेमक्या त्याच घटकेला नदीकाठच्या एका गावात परसांची कड धाडकन नदीत कोसळली. राजाने दवंडी पिटवली, की सगळ्यांनी बिऱ्हाडं टेकडीवर हलवावीत.

त्या गावात एक सून होती. तिची दोन वर्षांची पोर छातीनं नाजूक. गारठा लागला की छाती घरघरायची, आणि परसातल्या अडुळशाचा काढा पोटात गेला की मगच श्वास पुरायचा. टेकडीवर अडुळसा नव्हता. म्हणून दवंडी ऐकताच सून भांड्यांआधी झाडाकडे धावली. तिनं थोडं लांबून खणलं, मुळांशी मातीचा गड्डा राखला, तो ओल्या गोणपाटात बांधला. उगवतीकडच्या फांदीला लाल दोरा बांधला, म्हणजे नव्या जागीही तीच फांदी उगवतीला राहील. मग मडकी पेंढ्यात बसवली, जातं गाडीच्या तळाला ठेवलं आणि रोप वर नीट बसवलं.

सासऱ्यांना काळजी होती ती निराळीच. गावाची रीत अशी, की गाव सोडताना पितळी हंडे घासूनपुसून, पाण्यानं काठोकाठ भरून गाडीत सगळ्यांत वर रचायचे. वेशीवरच्या लोकांना दिसायला नको का, घर किती भरलेलं आहे ते!

निघायच्या दिवशी सून पोरीला भरवायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर रोप खाली टाकलेलं. गोणपाट सुटलेलं, गड्डा फुटलेला, मुळं उन्हात उघडी. आणि त्याच्या जागी आणखी एक हंडा.

तिनं विचारलं, "मामंजी, हे कुणी काढलं?"

"मी काढलं. चार लोकांत पितळ दिसलं पाहिजे सूनबाई, पाला नाही."

शेजारणी हसल्या. एक म्हणाली, ही बाई उद्या कुंपणसुद्धा बांधून नेईल. नवरा तर बैलांच्या शिंगांकडे बघत बसला. सुनेनं विनवलं, निदान हंड्यातलं ओंजळभर पाणी तरी मुळांवर घालू द्या. सासरे म्हणाले, निघताना भरला हंडा उणा करायचा नसतो.

आता सांगा, संताप येईल की नाही? पाण्यानं भरलेली गाडी दारात उभी, आणि झाडाला ओंजळभर पाणी मिळू नये!

कडेवर पोर, डोक्यावर बोचकं, तिसरा हात ती कुठून आणणार? तिनं रोप पायानंच भिंतीच्या सावलीला सारलं, वर गोणपाट ओढलं आणि निघाली.

वेशीवर लोकांनी हंडे पाहून माना डोलावल्या. पुढं टेकडीचा चढ लागला. वरचं ओझं कललं, दोर सुटला, आणि हंडे गडगडत खाली गेले. सगळं पाणी दगडांवर सांडलं. पेंढ्यातल्या मडक्यांना मात्र ओरखडासुद्धा नाही.

दिवस कलला तसा टेकडीवर गारठा पडला आणि पोरीची छाती वाजू लागली. ओव्याचा शेक दिला, छाती चोळली, पण पोर श्वासासाठी मान ताठ करू लागली. सासरे नुसते येरझारा घालत होते. सुनेनं चेपलेला हंडा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

हळूच म्हणाली, "मामंजी, आता पाजा तिला पितळ."

म्हातारा तसाच उठला. धावत टेकडी उतरला. रोप मान टाकून पडलं होतं. त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, नदीत भिजवलं आणि मुळांभोवती गुंडाळलं. ज्या वेशीतून सकाळी तोऱ्यात गेला होता, तिथूनच तो उघड्या डोक्यानं, पाला छातीशी धरून परत आला. लोक बघत होते. बघू देत.

दिवेलागणीला काढा उकळला. हळूहळू पोरीची घरघर उतरली आणि ती आईच्या मांडीवर झोपली.

सुनेचा राग मात्र लगेच उतरला नाही, आणि का उतरावा? रोपाच्या बाकीच्या फांद्या वाळल्या, लाल दोऱ्याची तेवढी फुटली. ती उगवतीला धरून सासऱ्यांनी स्वतः खड्डा भरला. तेव्हापासून त्या गावात निघताना हंड्यातलं पहिलं पाणी मुळांना घालतात, मगच गाडी हलते.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: घर हलवताना जे श्वास घेतं ते आधी सांभाळावं, जे चमकतं ते मागून आलं तरी चालतं.

तुमच्या ओळखीत कुणी बिऱ्हाड हलवत असेल, तर गाडी भरायच्या आत ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.