काळ्या माशाच्या पोटात

समुद्राला अगदी लागून असलेल्या एका गावात गळाने मासे धरणारा एक कोळी राहत होता. त्याचं नाव जोमा, आणि त्याच्या बायकोचं नाव चांगुणा. जोमा मासे आणायचा, चांगुणा ते साफ करून बाजारात न्यायची.

गावापासून तासभर वल्हवत गेलं की पाण्याखाली एक भलामोठा खडक होता. त्याला सगळे खडप म्हणत. त्याच्या कपारींत काळे मासे राहायचे. अंग काळपट, ओठ जाड, आणि मांस असं गोड की पाहुणा आला की घरात आधी त्याचीच आठवण निघायची. तिथे जाळं टाकलं तर ते खडकात अडकून फाटायचं, म्हणून काळा मासा गळानेच धरावा लागे. गावातल्या दहा-बारा होड्या रोज सकाळी खडपावर जात, नांगर टाकत, गळाला कोळंबी लावून दोऱ्या खाली सोडत. दुपारी परतताना प्रत्येक टोपलीत चार-सहा मासे असायचेच.

एका वर्षी पावसाळा संपला, होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या आणि मासा लागेनासा झाला. एक दिवस गेला, आठवडा गेला, महिना गेला. कोळंबी जशी खाली जायची तशीच वर यायची.

मग जो तो कारणं सांगू लागला. कुणी म्हणालं, पाणी गरम झालंय. कुणी म्हणालं, शेजारच्या गावाने काहीतरी करणी केली. कुणी समुद्राला कोंबडं दिलं. गावात एक म्हातारा तांडेल होता, सगळ्या होड्यांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला की मासा खडप सोडून गेला, आता तिथे काही उरलं नाही. तांडेलच म्हणाला म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले.

त्याच सुमारास जोमाला कसा कोण जाणे एक काळा मासा मिळाला. महिन्याभरात साऱ्या गावाला मिळालेला तो एकच. चांगुणा तो साफ करायला बसली. पोटाला सुरी लावली आणि तिचा हात थांबला. माशाचं पोट टम्म भरलेलं होतं.

एरवी ती आतडी मांजरापुढे टाकून मोकळी झाली असती. आज तिने ती परातीत घेतली, पाण्याने धुतली आणि आत काय आहे ते बोटाने वेगळं करत राहिली. शिंपल्यांचे बारीक तुकडे होते, आणखीही काहीबाही होतं. मग तिने माशाचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे दात बोथट आणि चांगले भक्कम होते. इतकी वर्षं हा मासा ती कापत आली होती, पण त्याच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं.

जोमा घरी आल्यावर ती म्हणाली की मासा खडप सोडून गेलेला नाही. गेला असता तर हा कुठून आला? आणि खायला नसतं तर याचं पोट रिकामं असतं. तो तिथेच आहे आणि पोटभर खातोय, फक्त आपण देतो ते खात नाही.

जोमाला ते पटलं नाही. त्याच्या बापाने कोळंबी लावली, आज्यानेही कोळंबीच लावली. तो म्हणाला, "आतडी बघून मासे मिळाले असते तर मांजरं नाखवा झाली असती." चांगुणा हसली, पण परातीतले तुकडे तिने फेकले नाहीत. सुपात घालून उन्हात ठेवले.

दोन दिवसांनी किनाऱ्यावर बैठक बसली. लांबच्या गावात विहिरी खणणारा एक माणूस होता, त्याच्याकडे सुरुंगाची दारू असायची. कुणीतरी सुचवलं की ती आणून खडपात फोडावी. मासा असेल तर मरून वर येईल, नसेल तर आपण दुसरीकडे जायला मोकळे. तांडेलने होकार दिला. माणूस पाठवला गेला. सुरुंगवाला आठ दिवसांनी येणार असा निरोप आला.

चांगुणाला हे कळलं तशी ती उठली आणि थेट तांडेलच्या अंगणात गेली. तांडेल दोरीला पीळ भरत बसला होता. तिने पोटात सापडलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तांडेलबाबा, खडप फुटला तर मासा राहणार कुठे?"

"राहायला मासा आहे कुठे?"

"आहे. तो काय खातो ते शोधते. सुरुंगवाला येईपर्यंत मला वेळ द्या."

तांडेलने तिच्याकडे पाहिलं. माशाचा शोध बायकांनी घ्यायचा ही गोष्ट त्याला नवीन होती. पण सुरुंगवाला यायला आठ दिवस होतेच, त्यात त्याचं काही जात नव्हतं. तो हो म्हणाला.

घरी येऊन तिने जोमाला विनवलं की आठच दिवस माझं ऐका. लोक हसणार हे त्याला दिसत होतं. पण खडप फुटणार हेही दिसत होतं, आणि खडपाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला की दे काय द्यायचं ते.

चांगुणाने शिंपल्या फोडून आतलं मांस दिलं. जोमा खडपावर गेला. ते मऊ मांस गळावर टिकेचना. बारीकसारीक मासे टोचून टोचून पळवायचे आणि गळ कोरा वर यायचा. असे तीन दिवस गेले. शेजारच्या होडीतून कुणी म्हणालं की जोमा समुद्राला शिंपल्या परत करतोय. सगळे हसले. जोमाने मान खाली घातली.

त्या संध्याकाळी तो चिडूनच घरी आला. चांगुणाने त्याला जेवू दिलं आणि मग सुपातले वाळलेले तुकडे घेऊन त्याच्यासमोर बसली. एकेक तुकडा उचलून तिने दोन ढीग केले. शिंपल्यांचा ढीग छोटाच झाला. दुसरा ढीग मोठा होता, तपकिरी, मळकट तुकड्यांचा. जोमाने त्यातला एक उचलून उजेडात धरला. तो एका छोट्या चिंबोरीचा, म्हणजे खडकातल्या खेकड्याचा नांगा होता.

चांगुणा म्हणाली, "चुकले मी. शिंपल्या चकाकत होत्या, म्हणून आधी त्याच दिसल्या."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती किनाऱ्यावरच्या खडकांत गेली आणि दगड उलटवून बोटाएवढ्या चिंबोऱ्या टोपलीत भरून आणल्या. जोमाने त्यातली एक कवचासकट गळाला लावली आणि दोरी सोडली. तळाला पोचते न पोचते तोच दोरीला टक्‌टक्‌ असा झटका बसला. त्या एका माशानंतर त्याच्या बोटांना असं काही जाणवलं नव्हतं. त्याने सवयीप्रमाणे हिसका दिला. गळ वर आला तर चिंबोरी अर्धी चुरडलेली आणि मासा नाही.

पुन्हा टाकली. पुन्हा तेच झालं. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने परतला, पण चिडला नव्हता. वल्हवताना त्याचं डोकं चालू होतं. कोळंबी मऊ असते, मासा ती लगेच गिळतो. चिंबोरीला कवच आहे. चांगुणाने सांगितलेले ते बोथट दात त्याला आठवले. मासा आधी दातांनी चिंबोरी फोडत असणार आणि मग गिळत असणार. आपण तो फोडत असतानाच ओढतो.

हे त्याने घरी सांगितलं. चांगुणाला एवढा आनंद झाला की ती भात वाढायचीच विसरली. आता दोघेही त्या माशाच्या मागे लागले होते. किती वेळ थांबावं, मोठी चिंबोरी लावावी की छोटी, पाय तोडून लावावेत की नाही, यावर ते चूल विझेपर्यंत बोलत बसले.

पुढचे दोन दिवस वारा होता, होडी काढता आली नाही. आठव्या दिवशी समुद्र शांत झाला. जोमा पहाटेच निघाला. खडपावर पोचून त्याने चिंबोरी सोडली. झटका बसला. त्याचा हात शिवशिवत होता, तरी त्याने तो आवरला. दुसरा झटका बसला, तिसराही बसला. मग दोरी हळूच जड होऊ लागली, तेव्हा त्याने ओढली.

दुपारी सुरुंगवाला पोतं घेऊन किनाऱ्यावर आला होता. तांडेलची होडी तयार होती. तेवढ्यात जोमाची होडी वाळूला लागली. त्याने टोपली उतरवली. तिच्यात पाच काळे मासे होते.

लोक गोळा झाले. कुणी म्हणालं की नशिबाने मिळाले असतील, एकदा मिळाला होता तसे. चांगुणाने वाद घातला नाही. तिने एक मासा आणि सुरी तांडेलच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "माझं ऐकू नका, बाबा. तुम्हीच कापून बघा."

तांडेल वाळूत उकिडवा बसला. त्याने माशाचं पोट फाडलं, आतलं तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने चाचपलं. त्याने हात पुढे करून दुसरा मासा मागून घेतला. मग तिसरा. तिन्ही पोटांतून चिंबोऱ्यांचे नांगे निघाले. कोळंबी एकातही नव्हती.

त्याने ते नांगे वाळूवर ठेवले. मग म्हणाला, "चाळीस वर्षं मी हा मासा धरतोय. तो काय खातो असं कुणी विचारलं असतं, तर मी कोळंबी म्हणालो असतो. कारण मीच त्याला ती देत होतो."

त्याने सुरुंगवाल्याला जेवायला बसवलं आणि पोत्यासकट परत पाठवलं. मग सगळ्यांसमोर त्याने जोमाला विचारलं की झटका बसल्यावर नेमकं किती थांबायचं. जोमाने सांगितलं. म्हाताऱ्याने नीट ऐकून घेतलं आणि न समजलेलं पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सारा गाव दगड उलटवायला लोटला. टोपल्या पुन्हा भरू लागल्या. काळ्या माशाने त्या वर्षी कोळंबी का सोडली, हे मात्र चांगुणालाही कळलं नाही. तिने तसं कबूल केलं, आणि प्रत्येक माशाचं पोट ती पाहत राहिली.

तात्पर्य: जे आपण देतो तेच समोरच्याला हवं असतं असं धरून चालू नये. उघडून पाहावं, आणि पहिला अंदाज चुकला तर न लाजता पुन्हा पाहावं.