घेणाऱ्याची जाहिरात

एकदा एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एक घोडी विकायला निघाली. इंग्रजी अंमल स्थिरावला होता, नव्या कालव्याचे पाणी शेतांत खेळू लागले होते, आणि हातात चार पैसे येताच त्या तालुक्यातील प्रत्येक मनुष्याला आपल्याजवळ विकण्यासारखे काहीतरी आहे असा साक्षात्कार झाला होता. त्या पानावर लोखंडी नांगर होते, शिवणयंत्रे होती, चष्मे होते, आणि अंगाला बळ, केसांना वाढ व घराला संतती देणारा एकच काढा होता. पहिल्या पानावर देशाची स्थिती दर आठवड्याला शोचनीय असे. शेवटच्या पानावर सर्व काही उत्तम, टिकाऊ आणि माफक किमतीत मिळे. वाचक अर्थातच शेवटच्या पानापासून सुरुवात करीत.

घोडी पाळून शिंगरे विकणारेही या पानावर मागे नव्हते. त्यांचा प्रत्येक घोडा वायुवेगी असे आणि तोफेच्या आवाजालाही बुजत नसे. त्या तालुक्यात तोफ कोणी ऐकली नव्हती, घोड्यांनी तर नाहीच. त्यामुळे हे विधान खोडून काढणे अवघड होते.

या घोडेवाल्यांत एक वृद्ध होता. त्याला सारे वस्ताद म्हणत. त्याच्यापाशी तुळाजी नावाचा शिष्य अकरा वर्षे अश्वविद्या शिकत होता आणि आता तिशीला टेकला होता. चार वर्षांपूर्वी वस्तादांनी नुकतेच जन्मलेले एक शिंगरू त्याच्या स्वाधीन केले होते. हे वाढव, शिकव आणि वीक; जे येईल त्यात स्वतःची पागा घाल, एवढेच ते म्हणाले होते. ते शिंगरू म्हणजे आजची सुरंगी. तुळाजी तिच्याकडे पाही तेव्हा त्याला घोडी दिसत नसे. ओढ्याकाठची जागा, पत्र्याचे छप्पर आणि पैदाशीच्या दोन घोड्या दिसत. ती जागा त्याने केव्हाच हेरून ठेवली होती, आणि बाजाराला जाताना तो दर सोमवारी मुद्दाम तिकडून वळसा घेऊन जाई.

जाहिरात लिहायला त्याने तीन दिवस घेतले. बारा ओळी झाल्या. त्यांत सुरंगीची चाल हंसाची होती, डोळे हरिणीचे होते आणि धैर्य सिंहिणीचे होते. वस्तादांनी डोळे मिटून सगळे ऐकले. मग म्हणाले, "छान आहे. एवढी जनावरं एका घोडीत कशी मावली कोण जाणे."

खोडले मात्र त्यांनी काहीच नाही. उलट खाली स्वतः एक ओळ वाढवली: 'घेणाऱ्याने आपला सध्याचा घोडा सोबत आणावा.'

तुळाजी बुचकळ्यात पडला. घोड्यांची अदलाबदल करायची आहे का, असे त्याने विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. छापखान्यात संपादकांनीही तेच विचारले. तिथेही नाही, असेच उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी एका जादा ओळीचे पैसे घेतले आणि जिज्ञासा सोडून दिली.

पहिल्याच आठवड्यात माणसे येऊ लागली. एक पाटील बैलगाडीतून आले आणि घोडा घरी राहिला म्हणाले. त्यांना ताक पाजून परत पाठवण्यात आले. एक वकील पायगाडीवर बसून आले. आपल्याकडे घोडा नाही, हे वाहन आहे, असे त्यांनी वकिली पद्धतीने मांडले. वस्तादांनी पायगाडी गंभीरपणे तपासली, साखळीला बोट लावून तेल पाहिले आणि निर्वाळा दिला, की गृहस्थ जपून वापरणारे दिसतात. परंतु पायगाडीला दुखत नाही, तेव्हा खात्री देता येत नाही.

त्यानंतर आले एक इनामदार. त्यांचा घोडा उंच होता आणि त्याच्या पाठीवर भरजरी झूल होती. वस्तादांनी सुरंगीची गोष्ट काढलीच नाही. झूल तेवढी उतरवा, म्हणाले. इनामदारांनी ती मोठ्या थाटात, जणू दिवाळीला रंगवलेली हवेली दाखवावी तशी, उतरवली. खाली खोगिराच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे चट्टे सोलवटलेले होते आणि त्यांवर हळद थापलेली होती. वस्तादांनी स्वतःच्या हाताने झूल पुन्हा चढवली, पान दिले, आणि घोडी विकायची नाही म्हणून सांगितले. इनामदारांनी त्या संध्याकाळी निम्म्या तालुक्याला कळवले, की म्हाताऱ्याला भ्रम झाला आहे.

तुळाजीलाही तसेच वाटू लागले होते. दीड महिना गेला. ओढ्याकाठच्या जागेवर आता एका लाकूडवाल्याचीही नजर होती. तो लाकूडवाला तिथे वखार घालण्याचे बोलत होता, आणि हे तुळाजीला दर सोमवारी नव्याने कळत होते. या अटीचा अर्थ काय असावा, याचा तो अहोरात्र विचार करी. शेवटी त्याने तर्क बसवला: ज्याचा घोडा देखणा तो मनुष्य ऐपतीचा, आणि वस्तादांना ऐपत पाहायची आहे. तर्क सरळ होता. चुकीचे तर्क बहुधा सरळच असतात.

अशात काढेवाले शेठ आले. बळ, केस आणि संतती ज्यांच्या एका बाटलीत होती तेच हे. त्यांना सुरंगी एका रंगीत गाडीला जुंपायची होती. गळ्यात घुंगरू, मागे बँड, गाडीवर बाटलीचे चित्र, अशी ती गावोगाव फिरवायची होती. तुळाजीने मनात धरली होती त्याहून सव्वापट किंमत शेठ बोलले. पण ते भाड्याच्या टांग्यातून आले होते. वस्तादांनी नम्रपणे शेवटच्या ओळीकडे बोट दाखवले.

शेठना वाटेला लावायला तुळाजी फाटकापर्यंत गेला. तिथे तो हळूच म्हणाला, "शेठजी, परवा या. पण येताना घोडा आणा, आणि चांगला आणा. चमकणारा."

तिसऱ्या दिवशी शेठ खरोखर घोड्यावर बसून आले, म्हणजे घोड्यावर होते एवढे खरे. घोडा मात्र अप्रतिम होता. वयस्क, पण अंगावर एक ओरखडा नाही. शेपटी विंचरलेली, खूर तेल लावल्यासारखे. वस्ताद त्याच्याभोवती तीनदा फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद तुळाजीने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि त्याला ओढ्याकाठचे छप्पर स्पष्ट दिसू लागले.

"नाव काय?" वस्तादांनी विचारले.

शेठनी स्वतःचे नाव सांगितले.

"तुमचं ठाऊक आहे. छापून येतं. याचं काय?"

शेठ क्षणभर घुटमळले. "राजा."

वस्तादांनी "राजा" अशी हाक मारली. घोडा शेतातल्या कावळ्यांकडे पाहत राहिला. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मोत्या." घोड्याने दोन्ही कान वळवले, मान वळवली, दोन पावले पुढे येऊन वस्तादांच्या खांद्यावर नाक टेकले, आणि लगाम शेठच्या हातून सुटला.

"तेरा वर्षांपूर्वी हा मी एका टांगेवाल्याला दिला, मिशनच्या दवाखान्यापाशी उभा असतो त्याला," वस्ताद शेठना म्हणाले. "तुम्ही भाड्याने आणलात. हरकत नाही. त्याला माझा निरोप सांगा, तो म्हणेल त्या किमतीला घोडी त्याची."

शेठ निघून गेले. परतताना ते घोड्यावर बसले नाहीत. दोघांनाही ते सोयीचे झाले. टांगेवाल्याचा उलट निरोप संध्याकाळीच आला, की मोत्या आहे तोवर दुसरे जनावर नको.

तुळाजी खाली मान घालून उभा होता. वस्तादांनी त्याच्यावर ठपका ठेवला नाही. शेठना कोणीतरी वाट दाखवलेली दिसते, एवढेच ते म्हणाले. मग तुळाजीच्याच तोंडून निघाले, "मीच दाखवली. पण वस्ताद, सव्वापट किंमत होती. माझी पागा उभी राहिली असती. त्यांच्या घोड्यात तुम्ही पाहता काय?"

वस्ताद ओट्यावर बसले.

"तू बारा ओळी लिहिल्यास," ते म्हणाले, "त्या वाचून माणसं आली. आता आलेला माणूस कसा आहे हे मी कुठे वाचू? तो आपल्या तोंडाने सांगेल ते तुझ्या बारा ओळींसारखंच असणार. म्हणून म्हटलं, तुमची जाहिरात बरोबर आणा. माणूस रोज जे करतो ते त्याच्या घोड्याच्या अंगावर उमटत राहतं. पाठीवर, तोंडाच्या कोपऱ्यांत, खुरांत. आणि हे नुसतं दयेपोटी म्हणत नाही मी. आपण छापतो ती पहिली आवृत्ती. पुढच्या पंधरा वर्षांच्या आवृत्त्या घेणारा काढतो, आणि त्यावर नाव आपलंच असतं. घुंगरू बांधून, बँडच्या आवाजात दोन वर्षांत ही घोडी बिथरली असती, तर लोक काढ्याला नावं ठेवणार नव्हते. तुळाजीची घोडी बिथरली म्हणाले असते. तुझ्या पागेत मग कोण आलं असतं?"

मग ते म्हणाले, "घोडी तुझी आहे. यापुढे जो येईल त्याला तूच बघ. मी मध्ये येणार नाही."

त्यानंतर बारा दिवसांनी कासमभाई आले. ते सरकारी देवी डॉक्टर होते. म्हणजे बत्तीस गावे फिरून मुलांना देवीची लस टोचीत आणि आयांच्या शिव्या खात. त्यांचे तट्टू पाहून तुळाजीचे मन खचले. रंग धड पांढरा नाही, धड करडा नाही. पोट सुटलेले, डोळ्यांवर खळगे पडलेले. छापण्यासारखे त्याच्यात काही नव्हते.

वस्ताद ओट्यावर होते. त्यांनी या बाजूला पाठ केली.

तुळाजीने पाहायला सुरुवात केली. कासमभाई उतरले, आणि कपाळावरचा घाम पुसण्याआधी त्यांनी तट्टाच्या पोटाखालचा तंग सैल केला. खोगीर जुने होते, पण आतून जिथे जिथे पाठीला लागले असते नेमक्या तिथे गोधडीचे तुकडे शिवलेले होते; निरनिराळ्या रंगांचे, म्हणजे निरनिराळ्या वर्षी शिवलेले. पाठीवर एकही डाग नव्हता. तोंडाचे कोपरे शिंगरासारखे मऊ होते. तुळाजी आत गेला, बाहेर आला, आणि पुन्हा एकदा ते तुकडे त्याने बोटांनी चाचपले.

तट्टू एकोणीस वर्षांचे आहे, आता चढण चढवत नाही, असे कासमभाईंनी सांगितले. त्याचे पुढे काय करणार, असे विचारल्यावर म्हणाले, "करायचं काय? घरी बसून खाईल. पेन्शनीत मीही तेच करणार आहे."

किंमत मात्र ते दोन तृतीयांशच देऊ शकत होते. मग त्यांनी आपल्याकडे गाईम्हशींच्या व्यवहारात चालते तशी गोष्ट काढली: उरलेल्याच्या बदल्यात सुरंगीला होईल ते पहिले शिंगरू तुळाजीचे. दूध तुटले की ते स्वतः आणून पोचवतील.

म्हणजे ओढ्याकाठची जागा घेता आली असती, छप्पर घालता आले असते, आणि त्याखाली बांधायला दोन वर्षे काही नसते. तुळाजीने सुरंगीकडे पाहिले. ती तट्टाला हुंगत होती.

"दिली," तो म्हणाला.

मग तो ओट्याकडे गेला आणि वस्तादांना खालच्या आवाजात विचारू लागला, की शिंगराचा करार स्टँपाच्या कागदावर लिहून घ्यावा का, साक्षीदार दोन पुरतील ना.

"घ्यायचा तर घे," वस्ताद वळून न पाहता म्हणाले. "पण त्या खोगिराच्या आत वाचलंस, त्याहून पक्कं तो कागदावर काय लिहून देणार आहे?"

तुळाजी कागद न आणता अंगणात परत आला. सुरंगीची दोरी कासमभाईंच्या हातात देताना तो आपण होऊन सांगू लागला, की ही पाण्यात उतरताना अडते, ओढू नका, आधी तुम्ही उतरा. उघडलेल्या छत्रीला बुजते. डाव्या बाजूने कोणी एकदम आले तर चावते, मला दोनदा चावली आहे. आणि चाल चांगली आहे, पण हंसाची वगैरे काही नाही. कासमभाई मध्येच न बोलता सगळे ऐकत होते. त्याचे संपल्यावर त्यांनी सुरंगीच्या मानेवर हात ठेवला.

"मलाही दम्याचा खोकला आहे," ते म्हणाले. "थंडीत फार होतो. पहिले काही दिवस ती दचकेल. तिला काय सवय आहे, थोपटलेलं चालतं का बोललेलं?"

"बोललेलं," तुळाजी म्हणाला, आणि काय बोलायचे ते सांगायला त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालू लागला.