दुसरी किल्ली

गोष्ट फार जुनी नाही. गावोगावच्या म्हाताऱ्यांची गाणी एका संस्थेने सर्व्हरवर, म्हणजे भाड्याच्या दूरच्या संगणकावर, साठवली होती. तो सांभाळायची माझी नात वैजयंती.

ती म्हणाली, "बॅकअप, म्हणजे गाण्यांची दुसरी प्रत, दुसऱ्या सर्व्हरवर ठेवू."

अध्यक्ष गरजले, "दोन भाडी कशाला? त्याच सर्व्हरवर ठेव!"

पुढे आग लागली, तो संगणकच जळाला. गाणी गेली, बॅकअपही गेला.

भरसभेत अध्यक्ष बोटावर किल्ल्यांचा जुडगा फिरवत म्हणाले, "चूक तुझी. राजीनामा दे."

"देते की. साहेब, गाडीची दुसरी किल्लीही याच जुडग्यात अडकवा, जुडगा विहिरीत टाका, आणि गाडी चालू करून दाखवा."

जुडगा थांबला. पोरीची नोकरी वाचली. माझ्या मेलेल्या बहिणीचा आवाज मात्र त्या गाण्यांतच तेवढा उरला होता, तोही गेला.