वेणीला टांगलेली पेटी

एका राज्यात राजकन्येचे केस गेले, आणि ते तिच्या बापामुळे गेले. राजवैद्य पित्ताला दोष देत होते, राजगुरू नजरेला, आणि म्हातारी आत्या पोरीच्या जागरणाला. खरा दोषी सिंहासनावर बसून या सगळ्यांच्या बोलण्यावर मान डोलवत होता. त्याचं नाव राजा प्रतर्दन.

त्या घराण्याच्या मूळपुरुषाने एका मांत्रिकाची तांब्याची पेटी लुबाडली होती. नारळाएवढी पेटी, पण शापित. ती जमिनीला टेकली तर राज्य बुडेल, असं वडीलधारे सांगत. म्हणून ती वारसाच्या वेणीला टांगायची रीत पडली. पाचवं वर्ष लागलं की राजा स्वतःच्या हाताने वेणी आवळून नागबंधाची गाठ मारी. गाठ सुटत नसे, कापली जात नसे. बांधणारा राजा गेल्यावर, वारसाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी मात्र ती आपसूक सुटे.

थोरली राजकन्या कुवलया उंच पलंगावर झोपे, पेटी पलंगाच्या कडेवरून लोंबकळत राही. पेटी दर वर्षी जड होत होती. आधी टाळू ठणकू लागली. वारा लागला तरी कळ उठे, उशी लागली तरी कळ उठे. मग केस जाऊ लागले. कानशिलांवर आणि माथ्यावर काचेसारखी गुळगुळीत कातडी दिसू लागली.

"दुखतं," ती वैद्यांना म्हणाली.

"विचार फार करतेस," वैद्य म्हणाले, आणि त्यांनी उंटाच्या चरबीचा लेप दिला. डोक्याला हात लावून कोणी पाहिलं नाही. लेप लावतानासुद्धा दासी मोरपिसाने लावी, कारण वारसाच्या माथ्याला शिवायचं नाही अशीही एक रीत होती. रीतींना त्या वाड्यात तोटा नव्हता.

राजा म्हणाला, "आम्हीही सोसलं. आमच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही."

मग एके सकाळी त्याने धाकटीच्या वेणीला लाल दोरा लावून माप घेतलं. धाकटी पिंगा, चार वर्षांची. जावळ काढल्यानंतर तिचे केस नुकते कुठे खांद्याखाली उतरले होते.

"थोरलीची वेणी फार दिवस टिकणार नाही," राजा राजगुरूंना म्हणाला. "येत्या पौर्णिमेला हिला पाटावर बसवू आणि पेटी हिच्या वेणीला बांधू."

कुवलयाने ते ऐकलं. ती उठली, पेटी दोन्ही हातांनी पाठीमागे धरली आणि हाडांच्या टेकडीकडे चालू लागली. तिथे एक गिधाड राहत होतं. ते मांत्रिकाच्या काळापासून जिवंत होतं आणि माणसासारखं बोलत होतं.

"टकलाकडे टक्कल आलं," गिधाड म्हणालं. "माझं जन्माचं आहे. तुझं कोणी केलं?"

"तेच विचारायला आले."

"तीन कामं कर. पहिलं, तुझे गेलेले केस आण."

कुवलयाने फणीतले, उशीवरचे, उंबऱ्यात अडकलेले केस गोळा केले. गिधाडाने एक केस उन्हात धरला. मुळाशी रक्ताचा ठिपका होता.

"हा गळलेला नाही. हा उपटलेला आहे. दुसरं काम. पेटी दिवसभर माझ्या पंजात दे."

पेटी पडली तर राज्य बुडणार होतं. पण कुवलयाला पिंगाच्या वेणीला लावलेला लाल दोरा आठवला, आणि तिने पेटी दिली. दुपारपर्यंत ठणका कमी झाला. संध्याकाळी वारा आला, तिच्या माथ्यावरून गेला, आणि कळ उठली नाही. ती खूप वेळ नुसती बसून राहिली.

"मला ही पिसाएवढीसुद्धा जड नाही," गिधाड म्हणालं. "मांत्रिक मेला तेव्हा मी जवळ होतो. त्याला मीच खाल्लं. राज्य बुडेल असं तो बोललाच नाही. ते तुमच्या म्हाताऱ्यांनी मागून जोडलं. तो म्हणाला होता, बांधणारा जोवर स्वतःचं दुखणं गिळेल, तोवर पेटी जड होईल आणि गाठ सुटणार नाही. आता तिसरं काम. भर दरबारात त्या बांधणाऱ्याला बोलतं कर."

पौर्णिमेला दरबार भरला. पिंगाला पाटावर बसवलं होतं.

"तात, दुखेल का?" पिंगाने विचारलं.

"नाही," राजा म्हणाला.

कुवलया पुढे आली. तिने राजाचा हात धरला आणि स्वतःच्या उघड्या माथ्यावर ठेवला. राजगुरू "अशुभ, अशुभ" म्हणत उठले. तिने हात सोडला नाही. कातडी तापलेल्या तव्यासारखी होती. बोटं टेकली तशी ती कळवळली, आणि त्याच क्षणी राजाचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या मुकुटाखाली गेला. बरोबर त्याच जागी. दरबाराने ते पाहिलं.

"तुम्हाला कुठे दुखायचं, महाराज?" तिने विचारलं. 'तात' म्हणाली नाही.

राजाने मुकुट उतरवला. खाली केस नव्हते, नुसती चकचकीत कातडी.

"इथे," तो म्हणाला. "अजून दुखतं. तुला बांधताना मला माहीत होतं."

कुवलयाच्या वेणीची गाठ सुटली. पेटी फरशीवर पडून उघडली. राज्य बुडलं नाही. पेटीत काही नव्हतं. तांब्याचा पत्रा इतका पातळ होता की पिंगाने ती दोन बोटांनी उचलली आणि तिच्यात चिंचोके ठेवायला नेली.

टाळूच्या कडेने कुवलयाला कालांतराने बारीक लव आली. जिथे कातडी गुळगुळीत झाली होती, तिथे कधीच काही उगवलं नाही. ती उघड्या माथ्याने सिंहासनावर बसली, आणि त्या राज्यात केस आवळून बांधायची रीत उरली नाही. पिंगा मोकळ्या केसांनी हिंडे.

प्रतर्दनाची कळ मरेपर्यंत गेली नाही. मुकुट त्याला पुन्हा घालता आला नाही, आणि थोरली लेक त्याच्या पंगतीला पुन्हा बसली नाही.