दगडाभोवतीचं गवत

"दादा परत कधी येणार?" धाकटा विळा रोज विचारायचा.

पेट्रोलची यंत्रं नवी होती तेव्हाची ही गोष्ट. रान माजलेल्या बागेत, गवतात लपलेल्या दगडावर आदळून थोरला विळा तुटला होता. मग मालकिणीनं गवत कापायची दोन यंत्रं आणून पाहिली, एक फिरत्या दोरीनं कापणारं, दुसरं फिरत्या पात्यानं. दोरीवाल्याला जाड गवत आवरेना, म्हणून तिनं पात्याचं ठेवलं.

"त्या दगडाचा भुगा कर," धाकटा त्या यंत्राला म्हणाला.

"पोरा, दगडाला काही होत नसतं," म्हातारं खुरपं म्हणालं. "मोडतं ते पातंच."

"कुठंय तो दगड?" यंत्रानं विचारलं. त्याचं पातं दादासारखंच चकाकत होतं.

धाकटा गवतात शिरला. धार पार जाईपर्यंत त्यानं दगडाभोवतीचं गवत कापलं आणि यंत्राला दगड लांबूनही दिसेल असा उघडा केला.