कोल्हीणबाईंचा मोडका दात

“भावजी, माझ्यासारखी बावळट कोल्हीण या माळावर शोधून सापडायची नाही,” असं म्हणत ती धापा टाकत पुन्हा शेजारच्या साळिंदरभावजींच्या दारात उभी राहिली. बाळांनो, कोल्हे फार हुशार असतात असं तुम्ही ऐकलंय ना? तिनेही ऐकलं होतं.

झालं होतं असं, की तिच्या बिळाशी तरस हुंगून गेलं होतं. अंधार पडला की ते येणार, त्याआधी पिल्लं हलवायला हवीत. भावजींनी आपलं जुनं बीळ देऊ केलं आणि वाट सांगितली. ओढा ओलांडायचा, बाभळीपाशी उजवीकडे वळायचं, दोन वारुळांच्या मधून करवंदीच्या जाळीत शिरायचं, पलीकडे फुटक्या कातळामागे बीळ. “ओढा, बाभूळ, वारुळं, जाळी, कातळ,” असं घोकत कोल्हीण आधी जागा बघायला निघाली. ओढ्यावर टिटवीने हटकलं, “काय गं, पिल्लांनी डोळे उघडले का?”

“उघडले की! धाकटी तर नुसती टकामका बघते,” कोल्हीण कौतुकाने म्हणाली. झालं! पुढची सगळी वाट डोक्यातून गेली.

“पुन्हा सांगा भावजी. आता मोठ्याने घोकते.”

“तोंडात पिल्लू धरून?”

हे कोल्हिणीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“वहिनी, इतक्या सुट्या गोष्टी धरल्यात तर कुणाच्याही धक्क्याने सांडणार. एकीत एक अडकवा.”

ती जरा वेळ कान खाजवत बसली. मग वाटेची गोष्ट रचून म्हणाली, “ओढ्यावर पाणी प्यायले. बाभळीचा काटा उजव्या पायात रुतला. काढायला दोन वारुळांच्या मधे बसले, तर मुंग्या डसल्या. पळत करवंदीत घुसले आणि करवंद समजून कातळालाच चावले. दात मोडला!”

“शोभेल तुम्हाला,” भावजी म्हणाले.

पहिलं पिल्लू तोंडात धरून ती निघाली. टिटवीने पुन्हा गाठलं, “अगं, हीच का धाकटी?” कोल्हिणीने मान डोलावली आणि क्षणभर सगळं विसरली. पण बाभूळ दिसताच उजवा पाय ठणकल्यासारखा झाला, आणि ती बरोबर वळली. अशाच खेपा घालून तिने सगळी पिल्लं हलवली. अंधार पडला, तरस आलं, तेव्हा कोल्हिणीचं बीळ रिकामं होतं.

नव्या बिळात पिल्लांना कुशीत घेऊन कोल्हीण विचारपूस करायला आलेल्या भावजींना ऐटीत म्हणाली, “भावजी, आता मी काही म्हणजे काही विसरायची नाही!”

“वहिनी, शेपटी बाहेर राहिलीय.”

तात्पर्य : मनाच्या मुठीत एका वेळी थोडंच मावतं, पण सुट्या गोष्टी एकमेकींत गुंफल्या, तर त्याच मुठीत पुष्कळ राहतं.