मथी आणि भुकेली देवी

एकदा काय झालं, एका देवीला भूक लागली. हसताय काय? देवीला भूक नसते असं कुणी सांगितलं तुम्हाला? रोज तिच्यासमोर नैवेद्याचं ताट यायचं. मऊ घावन, नारळाचा गोड रस. ताटाभोवती पाणी फिरवलं की ताट चाललं परत घरी! दाखवायचं देवीला नि खायचं आपण. तिनं किती वर्षं नुसतं बघत बसायचं?

त्याच गावात मथी नावाची मुलगी होती. तिची भाकरी कधी गोल व्हायची नाही. कळशी आणली तर निम्मं पाणी अंगावर. तिची काकू म्हणायची, "खायला काळ नि भुईला भार!" रोज ऐकून मथीला ते खरंच वाटायला लागलं, बरं का. मग ती देवळात गेली नि म्हणाली, "देवी, तुझं बरं आहे. सगळे तुझ्या पाया पडतात. माझा मेलीचा कुणाला काय उपयोग?"

देवी टपूनच बसली होती! म्हणाली, "मग बदलू या जागा. दिवेलागणीला येते मी परत." मथी चौथऱ्यावर चढली नि झाली दगड. देवी झाली मथी, आणि परकर सावरत धूम पळाली.

पहिल्या दिवशी मथीला मोठी गंमत वाटली. लोक पाया पडले, हार घातले. पण धूप नाकात गेला आणि शिंक काही येईना. दगडाला कुठली शिंक! दिवे लागले, देवी आली नाही.

दुसऱ्या दिवशी घावनाचं ताट आलं. वास आला, आणि ताट गेलं. मथीचा जीव नुसता कासावीस झाला. दिवे लागले, तरी देवी आली नाही. आता मथी घाबरली. देवी आलीच नाही तर जन्मभर दगड!

आणि देवी कुठे होती? मथीच्या घरी! मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत होती. अंगठा ठेचकाळला तर नाचत सुटली, "दुखतंय गं, दुखतंय! काय मजा!" भाकऱ्या तर अशा गोल की काकूनंसुद्धा दोन जास्तच खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मथीची आई देवळात आली. म्हणाली, "गुरवकाका, कौल लावा." म्हणजे काय, तर मूर्तीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची नि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आईनं विचारलं, "घरात आहे ती माझीच मथी आहे का?"

गुरव म्हणाला, "अगं, पोर सुधारली की! तक्रार कसली?"

"पोर गुणाची आहे हो. पण माझी मथी झोपेत माझ्या पोटावर पाय टाकते. हसायला लागली की उचकी लागेपर्यंत हसते. भाकरी वाकडी करते, आणि पहिला तुकडा मलाच भरवते. मला तीच हवी. मला दुसरी नको."

दगडातल्या मथीनं हे ऐकलं मात्र, आणि दगडाला पाझर फुटला! घळाघळा पाणी वाहिलं. डावं फूल घसरलं नि पडलं टप्पकन.

आईनं मागे वळून पाहिलं. दारात मथीच्या रूपातली देवी उभी, तोंडात पेरूचा तोबरा!

"तू कोण गं बाई?"

देवी ओशाळली. "मी या देवळातली देवी. चुकलं माझं. तुमच्याकडे एवढी मजा असते, मला ठाऊकच नव्हतं. पाय निघेना गं."

आईनं तिच्यावर राग धरला नाही. तिनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "भूक लागली की येत जा, पोटभर जेव. पण माझं लेकरू मला दे."

मग देवी चौथऱ्यावर चढली, मथी खाली उतरली. पायांना नुसत्या मुंग्या आलेल्या! आणि आली एकदाची शिंक, देऊळ दणाणलं. मथी ओरडली, "आई, मला भूक लागलीय! मला तहान लागलीय! मी आहे, आई!" आई म्हणाली, "आहेस ना, बाळा. तेवढंच पुरे."

मग सगळे पोटभर जेवले नि सुखानं राहिले. मथी अंथरुणावर पडून आपलाच श्वास ऐकत राहिली. आत, बाहेर. आत, बाहेर. कुणी शिकवला नाही, कुणाकडे मागितला नाही, आणि चाललाय आपला. तुमचाही चाललाय, पोरांनो. मिटा डोळे नि ऐका बघू.